इनास सर आणि लिस्बनची बाई

शिक्षकांच्या खोलीत कोणी सहज काही बोलत असलं, की इनास सर मधेच बोट वर करायचे. बोलणारा थांबायचा. सर तपासत असलेली वही बाजूला सारून म्हणायचे, “आता काय म्हणालात? पुन्हा म्हणा.”

बोलणारा गोंधळून म्हणायचा, “कपाटाची चावी कुठं आहे, एवढंच विचारलं.”

“चावी,” सर तो शब्द तोंडात घोळवायचे. “माझी बाई हाच शब्द वापरते. दुसऱ्या कादंबरीत, मोलकरणीच्या तोंडी.” मग वही पुन्हा पुढ्यात ओढायचे. कपाटाची चावी कुठं आहे ते मात्र सांगायचे नाहीत.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी बोळिंजहून एसटीने वसईच्या त्या शाळेत मराठी शिकवायला जाऊ लागले. पहिल्याच आठवड्यात हा प्रकार पाहिला आणि चित्रकलेच्या सरांना हळूच विचारलं, “इनास सरांच्या मिसेस कादंबऱ्या लिहितात का हो?” त्यांना हसता हसता ठसका लागला. “मिसेस कसल्या! ती बाई इंग्रज. मरून पाऊणशे वर्षं झाली असतील. सरांना तिच्यावर पीएच.डी. करायची आहे.”

बाई राणी व्हिक्टोरियाच्या काळातली कादंबरीकार होती. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा खेड्यात, पाद्र्याच्या घरी जन्मलेली. तिची पुस्तकं पुरुषाच्या नावाने छापली गेली, आणि ते नाव उच्चारायला सर तयार नसायचे. तिचं खरं नाव त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, पण ते लांबलचक होतं, माझ्या जिभेवर काही बसलं नाही. आम्ही सगळे तिला ‘लिस्बनची बाई’च म्हणायचो.

सर होळी गावचे. घरची केळीची बाग, थोडा पानमळा, मोगऱ्याचे चार वाफे. पहाटे बागेत काम करून, अंघोळ करून, पाटलोणीला क्लिपा लावून सायकलवर शाळेत इंग्रजी शिकवायला यायचे. उंच, जरा वाकलेले, आवाज एकदम हळू. सदरा पांढरा आणि त्यावर नेहमी तपकिरी डाग. केळीचा चीक कपड्याला लागला की काही केल्या जात नाही. मुलं त्या डागांना नकाशे म्हणायची. सरांना ते माहीत होतं. एकदा नववीच्या वर्गात पाठीमागून कुजबुज ऐकू आली, तेव्हा स्वतःच्या बाहीकडे बघत ते म्हणाले, “हा आफ्रिका आहे, मान्य. पण हा खालचा कोणता देश ते मलाही ओळखू येत नाही.”

ही बाई त्यांना भेटली कशी, ते त्यांनी मला शाळेच्या मागच्या बदामाच्या झाडाखाली सांगितलं. मी नवीन होते, ऐकून घेत होते, म्हणून सांगितलं असावं.

“मी बी.ए.ला होतो. चर्चच्या जुन्या बंगल्यातली पुस्तकं रद्दीत काढली होती. त्यात हे एक मिळालं, पुठ्ठा गेलेलं. एकोणीस वर्षांची इंग्रज पोरगी बोटीतून लिस्बनला उतरते. एका दारूच्या व्यापाऱ्याच्या मुलींना शिकवायला आलेली असते. तिला तिथलं अक्षर कळत नाही. खाली अंगणात मोलकरीण ओरडत असते, ते तेवढं कानावर पडतं. ते शब्द बाईंनी तसेच ठेवलेत, तिरक्या टायपात. मी ओट्यावर बसून वाचत होतो आणि मागं विहिरीवरून माझी आई ओरडली, बादली आण, घमेलं आण. मी पुस्तक मिटलं. मला खरंच वाटलं, आई पुस्तकातून ओरडली.”

मी म्हणाले, “बादली पोर्तुगीज शब्द आहे?”

“बादली, घमेलं, चावी, फीत, पगार. तुम्ही मराठीच्या, तुम्हाला माहीत हवं,” ते म्हणाले. रागाने नव्हे. त्यांना फार आनंद झाला होता.

ती बाई लिस्बनला चार वर्षं राहिली. मग बापाने अंथरूण धरलं आणि तिला परत बोलावलं. त्यानंतर तिने पुन्हा कधी समुद्र ओलांडला नाही. पुढची तीस वर्षं त्या थंड खेड्यात राहून तिने सहा कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्या दोन लिस्बनच्या, बाकीच्या इंग्लंडातल्या. टीकाकारांनी त्या चारांमध्ये चुका काढल्या होत्या. इंग्रज शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात निळ्या नक्षीच्या फरशांची भिंत कशी? धुक्याच्या गावात दुपारी माणसं खिडक्या मिटून का झोपतात? सरांचं म्हणणं असं, की या चुका नाहीतच.

“ती चार वर्षं तिच्या डोळ्यांत गेली,” ते म्हणायचे. “पुढं जे जे पाहिलं ते त्याच डोळ्यांनी. बापाच्या उशाशी बसून ती इंग्लंड लिहीत होती आणि हात लिस्बन लिहीत होता. बाई, माणूस नुसता जिथं राहतो तिथला नसतो. हे मला सिद्ध करायचंय.”

हे सगळ्यांना रुचत होतं असं नाही. आमचे इतिहासाचे शिक्षक एकदा चहा पिता पिता म्हणाले, “पोर्तुगीजांनी इथं काय काय केलं ते मी मुलांना शिकवतो आणि तुम्ही त्यांच्या शब्दांच्या आरत्या ओवाळता. किल्ला पडला, ते गेले. तुम्हाला अजून त्यांचा एवढा पुळका का?”

सर धर्माने ख्रिस्ती, घराण्याचं नाव पोर्तुगीज. प्रश्नाचा रोख कुठे होता ते सगळ्यांना कळलं.

सर म्हणाले, “माझे पूर्वज इथं केळीच लावत होते, सर. विहीर आमची, पाणी आमचं, बादली तेवढी त्यांची. मी बादलीविषयी बोलतोय. राज्याविषयी नाही.”

“बादलीवर कोणी पीएच.डी. देत नसतं,” इतिहासाचे शिक्षक म्हणाले, आणि लोक हसले. हसणाऱ्यांत सरांचे दोस्तही होते. त्यानंतर बरेच दिवस सर चहा बदामाखालीच प्यायचे. शिक्षकांच्या खोलीत त्यांचं बोट वर जाणं कमी झालं, ते तेव्हापासून.

त्यांच्या घरी मी पुष्कळदा गेले. बायको मोनिका पाचूबंदरची, कोळ्यांची मुलगी. बागायतदाराच्या घरात कोळ्याची सून आली म्हणून सासू दोन वर्षं तिच्या हातचं जेवली नव्हती. मी गेले की मोनिका तांब्याभांडं पुढे करायची. “पानी घे, बाय. ह्यांचं काय सांगू तुला? सकालपासनं त्या मेलेल्या बाईला घेऊन बसलेत. जिवंत बाईनं दोनदा हाक मारली, ती काय ऐकू आली नाय.”

सर मान खाली घालून हसायचे. आतून सरांची आई म्हणायची, “त्याला वाचू दे.” म्हातारी लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती, पण मुलगा वाचत असला की भांडीसुद्धा आवाज न करता ठेवायची. तिच्या बोलण्यातला एखादा शब्द अडला, की सर उठून तिच्याजवळ जाऊन बसायचे. शेंगदाणे सोलल्यासारखे एकेक शब्द काढून घ्यायचे. तिला वाटायचं मुलगा आपली चेष्टा करतोय. “तुझ्या साहेबांना माझं बोलणं कशाला पाहिजे?” असं विचारायची आणि मग तासभर बोलत बसायची.

विद्यापीठातल्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी सरांना सुरुवातीलाच बजावलं होतं, लिस्बनला जाऊन तिथली कागदपत्रं पाहिल्याशिवाय प्रबंध उभा राहणार नाही. आणि गोव्याच्या प्रकरणानंतर पोर्तुगालशी आपले संबंधच तुटले होते. सर वर्षानुवर्षं थांबले. संबंध पुन्हा जुळले तेव्हा त्या प्राध्यापकांनीच खटपट करून तिकडच्या एका संस्थेची सहा महिन्यांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. सरांनी तेव्हा पन्नाशी गाठली होती.

शाळेने रजा दिली. आम्ही निरोपाचा चहा केला, इतिहासाच्या शिक्षकांनी हार घातला. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा सूट शिवला. मोनिकाने उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी बांधून ठेवली, तिथल्या थंडीत अंगात ऊब राहावी म्हणून. सुक्या बोंबलांचा डबाही भरला होता, तो मीच काढायला लावला. सर मला म्हणाले, “मी आधी कागदपत्रं बघणार नाही. पहिल्या सकाळी नुसता रस्त्यावर उभा राहणार. कोण कुणाला कशी हाक मारतं ते ऐकणार.”

निघायला पंधरवडा होता. विहिरीवरून येताना त्यांची आई कोसळली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

मी इस्पितळात गेले तेव्हा सर खाटेशेजारी स्टुलावर बसले होते. म्हातारीचे डोळे उघडे होते. सर खिडकीकडे बोट करून काहीतरी म्हणायचे, मग पेल्याकडे, मग चादरीकडे. ती बघत राहायची. तोंडातून घशातला आवाज यायचा, शब्द यायचा नाही. डॉक्टर म्हणाले, असं कधी वर्षभर चालतं, कधी दहा वर्षंही.

“सहा महिन्यांचाच प्रश्न आहे,” मी बाहेर व्हरांड्यात त्यांना म्हणाले. “मोनिका आहे, मी येत जाईन, तुमच्या बहिणीला बोलावता येईल.”

मोनिकाही म्हणाली, “तुम्ही जा. मी बघते आईला. तिला आता माझ्या हातचं चालतं.”

सरांनी दारातून आत खाटेकडे पाहिलं. मग म्हणाले, “माझी बाई चार वर्षं राहून आली आणि बापाच्या उशाशी बसली. तिच्याजवळ चार वर्षं तरी होती.” पुढे म्हणाले, “मी जाईन आणि ही जाईल. मग मी तिथं कोणाचे शब्द ऐकू?”

ते गेले नाहीत. शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला मिळाली.

आई पाच वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं मोनिकाने केलं. संध्याकाळी घरात रोझरी सुरू झाली की एक नवल व्हायचं. म्हातारी बाकीच्यांबरोबर प्रार्थना म्हणायची, शब्दन् शब्द स्पष्ट. रोझरी संपली की पुन्हा मुकी. प्रार्थना म्हणता यायची, पाणी मागता यायचं नाही. सर रोझरी मुद्दाम लांबवायचे. नवी एखादी विनंती जोडायचे, पुन्हा सुरू करायचे. शेजारची माणसं कंटाळून उठून जायची, पण हे थांबायचे नाहीत. एकदा मी तिथे होते. शेवटच्या ‘आमेन’नंतर त्यांनी घाईघाईने, जणू ती दारातच उभी आहे आणि आत्ता निघून जाईल अशा घाईने, विचारलं, “आई, तहान लागलीय?” तिने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बस्स, एवढंच.

ती गेली त्याच वर्षी प्राध्यापकांनी सरांना विद्यापीठात बोलावून एक नवं कोरं पुस्तक हातात दिलं. इंग्लंडातल्या कोणा संशोधकाने लिस्बनच्या बाईवर लिहिलेलं. तो लिस्बनला राहून आला होता, ते घर, ती गल्ली, दारूच्या व्यापाऱ्याच्या नातवंडांची नातवंडं, सगळं शोधून आला होता. चुका नसून ती लिस्बनची छाया आहे, हेही त्यात होतं. निळ्या फरशांवर तर एक आख्खं प्रकरण होतं.

सरांनी ते पुस्तक महिनाभर वाचलं. मी विचारलं, “कसं आहे?”

“सगळं बरोबर आहे,” ते म्हणाले. “मी चूक शोधत होतो, बाई. एकही सापडली नाही.”

“आणि मोलकरणीचे शब्द?”

“एका तळटीपेत आहेत. स्थानिक रंग, असं म्हटलंय.”

मला जोर आला. मी म्हणाले, “मग तुमचं लिहायचं अजून शिल्लकच आहे की! हे त्याला कुठलं कळणार? इथल्या विहिरीवर कोण काय म्हणतं ते तुम्हीच लिहू शकता.”

माझ्यासाठी म्हणा, त्यांनी लिहायला घेतलं. दोन प्रकरणं टाइप करून आणली. पण प्राध्यापक निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या नव्या गृहस्थांनी ती उभ्या उभ्याच चाळली. म्हणाले, विषय संपलेला आहे, आणि हे साहित्य नव्हे, हा भाषाशास्त्राचा प्रांत आहे. भाषाशास्त्रवाल्यांकडे गेले तर ते म्हणाले, हे साहित्य आहे. सर तिसऱ्यांदा कुठे गेले नाहीत.

काही महिन्यांनी माझ्या वर्गातली एक मुलगी इंग्रजी शुद्धलेखनाचा कागद दुमडत बसली होती. मी तो काढून घेतला. एका बाजूला तिने लिहिलेले दहा शब्द, त्यावर सरांच्या लाल खुणा. दुसऱ्या बाजूला टाइप केलेला मजकूर, वर मधोमध पानाचा आकडा. सर प्रबंधाची पाठकोरी पानं मुलांना शुद्धलेखनाला वाटत होते. मी तडक त्यांच्याकडे गेले.

“सर, हे काय?”

“कागद चांगला आहे,” ते म्हणाले. “शाई फुटत नाही.”

त्या वर्षांत होळीच्या विहिरी खाऱ्या होऊ लागल्या होत्या. दिवसरात्र पंप चालायचे, टँकर भरून पाणी नव्या इमारतींकडे जायचं, आणि खालून समुद्र आत सरकत होता. केळीची पानं कडांनी करपायची, मग मधला पोंगा, गुंडाळलेलं कोवळं पान, कुजून बसायचा. सरांच्या भावाने त्याचा हिस्सा विकला. विकत घेणारा सरांचाच जुना विद्यार्थी. इमारत निम्मी झाल्यावर तो पेढे घेऊन आला. “सर, बिल्डिंगला एखादं मस्त फॉरेनचं नाव सुचवा ना. तुमच्याशिवाय कोणाला येणार?”

सरांनी त्याला बसवलं, चहा दिला, मुलांची चौकशी केली आणि म्हणाले, “मी फॉरेनला गेलो नाही रे कधी.” तो बिचारा दुसरंच कुठलं तरी नाव लावून मोकळा झाला.

सर निवृत्त झाल्यावर आमच्या भेटी कमी झाल्या. बागेत आता करण्यासारखं काही नव्हतं. मोनिका सांगायची, “दुपारी एकटेच बोलत बसतात. माझ्याशी नाय. पुस्तकातून काय तरी मोठ्यानं वाचतात.” ते पोर्तुगीज शिकत होते. आयुष्यभर शब्दकोशावर भागवलं, पण आता त्यांनी मुंबईच्या फुटपाथवरून व्याकरणाचं जुनं पुस्तक आणलं होतं आणि अक्षरांवरून उच्चार लावत ते रोज धडे म्हणत होते. शिकवायला कोणी नव्हतं. मी विचारलं, “आता कशासाठी, सर?” ते म्हणाले, “कशासाठी नाही.”

सरांना मी शेवटचं पाहिलं ते ऐंशीचं दशक संपताना, हिवाळ्यात. दुपारी शाळेत एक परदेशी जोडपं आलं, पन्नाशीचं. किल्ला पाहायला आले होते, माहिती सांगणारं कोणी आहे का, असं विचारत होते. मुख्याध्यापकांनी विचारलं, कुठले? पोर्तुगालचे, ती बाई म्हणाली. लिस्बनचे.

मी बोलतच राहिले, काय बोलले ते आठवत नाही. शिपायाला सायकलवर होळीला पिटाळलं. अर्ध्या तासात सर आले. अंगात तोच सूट होता, निघायच्या वेळी शिवलेला. आता खांद्यांवर सैल पडत होता. सायकलवरून उतरून त्यांनी पाटलोणीच्या क्लिपा काढल्या.

ते त्या दोघांपुढे उभे राहिले आणि पोर्तुगीजमध्ये बोलू लागले. सावकाश, एकेक शब्द स्वच्छ. बरंच बोलले. मला एवढंच कळलं की ते स्वागत करताहेत, आणि मधे कुठेतरी त्या कादंबरीकार बाईचं नाव आलं.

ती दोघं ऐकत होती. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, पण काही कळल्याचं दिसत नव्हतं. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. मग ती काहीतरी म्हणाली, भरभर, अर्धे स्वर गिळून टाकलेली भाषा, दारू ओतताना बाटलीतून येतो तसा आवाज. सर पुढे वाकले. तिने पुन्हा सांगितलं. सरांनी कानामागे हात धरला. त्यांना त्यातला एक शब्दही लागला नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, मला ते दिसलं.

मग ती बाई अगदी आपुलकीने इंग्रजीत म्हणाली, “माफ करा हं, मघाशी आपण कोणत्या भाषेत बोलत होतात? ही इथली भाषा का?”

सरांनी हात खाली घेतला.

“हो,” ते इंग्रजीत म्हणाले. “ही आमची इथली भाषा.”

“किती गोड आहे,” ती म्हणाली.

सरांनी मान लववली. मग ते त्या दोघांना किल्ल्याकडे घेऊन गेले. मी फाटकाशी उभी होते. चालता चालता ते डावीउजवीकडे हात करत होते, इथं चर्च, इथं बंदर, इथं तुमच्या लोकांचा बाजार, असं काही सांगत असावेत. शाळेत शिकवायचे त्याच हळू, व्यवस्थित इंग्रजीत. दुपारचं ऊन तापलेलं होतं आणि त्यांनी कोट काढलेला नव्हता.